केमो चालू असताना दुखणं अंगावर काढू नका: या चुका टाळा

दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस होता. संध्याकाळी अंगात कणकण वाटली, हातपाय गार पडले. नाशिकचा जानेवारी, निफाडचा पारा रोज पेपरात खाली चाललेला, त्यामुळे मला वाटलं थंडीच वाजतेय. दोन गोधड्या घेतल्या, डब्यातली तापाची गोळी घेतली आणि झोपले. घरात कुणाला बोलले नाही, कारण महिनाभर सगळे माझ्याच मागे धावत होते. रात्री अडीच वाजता घामाने गाऊन भिजला तेव्हा ह्यांनी थर्मामीटर लावला. 102. पहाटे दवाखान्यात रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचून एवढंच विचारलं, "संध्याकाळी फोन का नाही केलात?" पुढचे पाच दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक चाललं.

बाईने दुखणं अंगावर काढलं की आपल्याकडे तिचं कौतुक होतं. केमोमध्ये हीच सवय जिवावर बेतू शकते. मला स्तनाच्या कॅन्सरसाठी आधी चार 'लाल' केमो (लाल रंगाच्या औषधाच्या) आणि मग दर आठवड्याला एक अशा पॅक्लिटॅक्सेल या औषधाच्या बारा केमो झाल्या. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्या आहेत. बाकीच्या केमो वॉर्डात शेजारच्या खुर्च्यांवर घडताना बघितल्या.

तापाला 'व्हायरल असेल' म्हणणं

सगळ्यात आधी हेच, कारण बाकीच्या चुकांनी त्रास वाढतो, या चुकीने माणूस जाऊ शकतो.

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण हाडाच्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशी, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं हीसुद्धा तशीच. तीन आठवड्यांनी मिळणाऱ्या केमोत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण 7व्या ते 14व्या दिवसात सर्वात खाली जातात. त्या दिवसांत आपल्याच तोंडातले, पोटातले जंतू रक्तात शिरू शकतात. आणि एरवी दिसणाऱ्या खुणा दिसतही नाहीत. पू होतो तो मुळात पांढऱ्या पेशींचाच. त्याच नसतील तर पू कुठून होणार? ताप हीच बऱ्याचदा एकमेव खूण असते.

म्हणून 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवा. तिथे काटा पोचला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, फोन करायचा आणि निघायचं. ताप नसतानाही हुडहुडी भरली, अचानक गळून गेल्यासारखं झालं किंवा धाप लागली तरी कळवायचं. तापाची गोळी आधी घ्यायची नाही. मी तीच चूक केली. गोळीने आकडा खाली येतो, जंतू तिथेच राहतात. अंग दुखतंय म्हणून गोळी घ्यायची असली तरी आधी थर्मामीटर लावायचा.

पावसाळ्यात गल्लीत प्रत्येक घरात कुणी ना कुणी तापलेलं असतं. कॉलनीतला दवाखाना जवळ असतो, एक इंजेक्शन, तीन दिवसांच्या गोळ्या, घरी आराम. बाकीच्यांना ते चालेल. केमोवाल्या बाईचे त्यात दोन दिवस जातात आणि तेच दोन दिवस मोलाचे असतात. इमर्जन्सीच्या दारात पाय ठेवताच पहिलं वाक्य हे म्हणा: "केमो चालू आहे, आज अकरावा दिवस आहे, ताप आहे." हे ऐकलं की तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू करण्याची घाई डॉक्टर करतात. रांगेत गप्प बसून राहिलात तर कुणाला कळणार?

दिवस मोजायला आमच्याकडे भिंतीवरचं कालनिर्णय होतं. केमोच्या तारखेवर ह्यांनी लाल पेनाने 1 लिहिला आणि पुढे प्रत्येक चौकोनात 2, 3, 4 असे आकडे. 7 ते 14च्या चौकोनांना कडेने रेघ. चतुर्थी, एकादशीच्या खाली ते आकडे बघून सासूबाईंनाही कळायचं की या आठवड्यात पाहुणे नकोत.

सुरगाणा, पेठ, कळवणकडून नाशिकला येणाऱ्या बायकांनी पहिल्या केमोआधीच ठरवून ठेवावं: रात्री ताप आला तर गाडी कुणाची, जवळचं कोणतं हॉस्पिटल 24 तास उघडं, फोन कुणाला. 108 ची अॅम्ब्युलन्स मोफत आहे. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि औषधांची नावं एका पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला टांगा. ऐनवेळी कपाट उपसायला लागू नये.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते चुकवू नका. त्याने कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, खरं आहे. ठणक्यासाठी कोणती गोळी चालेल ते मॅडमना विचारा, इंजेक्शन टाळणं हा उपाय नव्हे.

उलटी झाल्यावर गोळी शोधणं

"उगाच कशाला इतक्या गोळ्या, मळमळलं तर घेईन." मीही हेच म्हटलं होतं. उलटीचं चक्र एकदा सुरू झालं की गोळी पोटात टिकतच नाही. केमोनंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसातली मळमळ वेगळी असते, आणि त्यासाठीच त्या गोळ्या तीन-चार दिवस ठरलेल्या वेळी घ्यायला सांगतात. बरं वाटत असलं तरी घ्यायच्या. तरीही उलट्या होत असतील तर सांगा, औषध बदलता येतं. पुढच्या वेळी आपोआप बरं होईल असं धरून बसू नका.

ऑनडॅनसेट्रॉन या उलटीच्या गोळीने पोट साफ होत नाही, डोकंही दुखू शकतं. बायका हे कुणाला सांगत नाहीत, चौथ्या दिवशी कुंथून रक्त पडतं आणि मग घाबरतात. पहिल्या दिवसापासून पाणी, भिजवलेले मनुके, लागलं तर डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध. एनिमा मनाने घ्यायचा नाही, पेशी कमी असताना तिथे जखम होणं धोक्याचं असतं. उलट जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा आणि फोन करा.

एसटीने जायचंय म्हणून पाणी न पिणं

हे मला एका पेठच्या ताईंनी सांगितलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. केमो झाली की त्या लगेच बस धरायच्या. वाटेत बाईला जायला जागा नाही म्हणून सकाळपासून घोटभरच पाणी. चार केमोंच्या त्या टप्प्यात लाल औषधाबरोबर सायक्लोफॉस्फामाइड नावाचं दुसरं औषध असतं. ते लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयाच्या आतल्या भागाला जाळतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही. शक्य असेल तर त्या रात्री नाशिकमध्येच कुणा नातेवाइकाकडे राहा, किंवा निघायच्या आधी हॉस्पिटलातच तासभर बसून पाणी पिऊन, जाऊन या.

लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. त्याने एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तो औषधाचा रंग असतो. त्यानंतरही लाल दिसली किंवा जळजळ झाली तर सांगायचं.

आणि हेच औषध चढत असताना सुईच्या जागी जळलं, टोचलं, फुगलं तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा. शिरेबाहेर सांडलं तर ते कातडी आणि आतलं मांस खराब करतं. "सिस्टर बिझी आहेत, संपेपर्यंत सोसते," असं म्हणणाऱ्या माझ्या शेजारच्या काकूंच्या वतीने मीच ओरडले होते. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा लावू देऊ नका, हेही आपणच आठवण करून द्यायचं.

जो येईल त्याचा काढा पिणं

भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमानेच काहीतरी घेऊन येतो. गुळवेल, गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, हळदीच्या कॅप्सूल. जेवणातली हळद खुशाल खा. पण केमोची बरीच औषधं यकृतातून जातात, आणि गुळवेलीनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. पेशी कमी असताना कच्चा गव्हांकुर रस म्हणजे मातीतले जंतू पेल्यात. मी येणाऱ्याचा मान ठेवायची, डबा ठेवून घ्यायची आणि मॅडमना विचारल्याशिवाय उघडायची नाही.

नाशिकमध्ये एक गमतीशीर वाटणारा पण खरा घोटाळा होतो. मोबाइलवर यादी फिरते, "केमोत ग्रेपफ्रूट खाऊ नका," आणि घरात द्राक्षं बंद होतात. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते पपनसाच्या जातीचं आंबट-कडवट फळ, आणि त्याने काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतं. द्राक्षांचा दोष एवढाच की घड आतपर्यंत नीट धुतला जात नाही. 7 ते 14 दिवसांच्या त्या आठवड्यात मी केळं, संत्रं, पपई अशी सोलून खायची फळं घ्यायची. द्राक्षं पुढच्या आठवड्यात, एकेक मणी सुटा करून वाहत्या पाण्याखाली धुऊन.

बाहेरचा उसाचा रस, पाणीपुरी, कच्च्या मोडांची कोशिंबीर बंद. मिसळ मला जीव की प्राण, पण तोंड आलेलं असताना तर्रीचा एक थेंबही आग लावतो. त्या दिवसांत गार मऊ भात आणि ताजं ताक, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, पूर्ण उकडलेलं अंडं. कोमट पाण्याच्या पेल्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा. ब्रश मऊ हवा. आणि मिश्री बंद, पूर्ण बंद. ती भाजलेली तंबाखूच आहे. सोलवटलेल्या हिरड्यांवर ती चोळणाऱ्या बायका मी पाहिल्यात. लाजेने डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगा, सोडायला मदत मिळते.

उपवास या सहा महिन्यांत नकोत. आमच्या सासूबाईंनी माझे सोमवार स्वतःच्या अंगावर घेतले. देवाला ते चालतं, असं त्या म्हणाल्या.

गर्दी आणि वाळीत टाकणं, दोन्ही टोकं

पेशी खाली असलेल्या आठवड्यात नवरात्रातली कालिकेची यात्रा, रामकुंडावरचं स्नान, लग्नाचा हॉल टाळा. पण म्हणून बाईची ताट-वाटी वेगळी करू नका. कॅन्सर उष्ट्याने लागत नाही. नातवंडांना सर्दी-खोकला नसेल तर खुशाल जवळ येऊ द्या. केमोनंतर दोन दिवस उलटी, लघवी, मळलेले कपडे हातमोजे घालून साफ करायचे आणि फ्लश दोनदा करायचा, एवढी काळजी पुरते.

केस दोन-तीन आठवड्यांत जातात. माझे कंगव्यात पुंजक्याने आले. मी आधीच बारीक कापून घ्यायला हवे होते.

मुंग्यांबद्दल न बोलणं

पॅक्लिटॅक्सेलच्या सहाव्या आठवड्यापासून बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. ब्लाउजचा हुक लागेना. भाकरी भाजताना तव्याची धग कळेना, चटका बसला तो फोड आल्यावर दिसला. मी तीन आठवडे बोलले नाही, कारण औषध कमी करतील आणि कॅन्सर परत येईल अशी भीती होती. मॅडमनी समजावलं की वेळेवर कळलं तर डोस किंवा वेळापत्रक थोडं बदलता येतं, उशीर झाला तर नसांची इजा कायमची राहू शकते. घरातही सपाता घाला. देवळात अनवाणी जायचं असेल तर उन्हात तापलेल्या फरशीवर नको. थंडीत पायाला गरम पाण्याची पिशवी नको, मोजे घाला. रोज रात्री तळपाय आरशात बघा.

शेवटची केमो झाली की पेढे वाटतो आणि थर्मामीटर कपाटात जातो. तीन आठवडे तरी तो बाहेरच राहू द्या, कारण शेवटच्या डोसनंतरही पेशी तशाच खाली जातात. माझ्या तळपायांची बधिरता जायला आठ महिने लागले. डाव्या अंगठ्याला अजून थोडी आहे, आणि तीही मी दर तपासणीला सांगते.