जुन्या संगणकात अनेक हार्ड डिस्क: प्रत्येक डिस्क एकटीने चालू झाली पाहिजे

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरीच्या ज्या कारखान्याचे संगणक मी सांभाळतो, तेथील एका जुन्या संगणकात तीन हार्ड डिस्क आहेत. पहिलीवर विंडोज एक्सपी आणि नव्या विंडोजवर न चालणारे जॅकार्ड नक्षीचे सॉफ्टवेअर आहे, दुसरीवर विंडोज ७ आणि जुना हिशेब आहे, तर तिसरीवर लिनक्स मिंट ही विंडोजहून वेगळी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाल्या असल्याने इंटरनेट केवळ लिनक्समधूनच वापरायचे, असा नियम आम्ही केला आहे. अशी मांडणी करताना एक तत्त्व सोडू नये: बाकीच्या सर्व डिस्क काढून ठेवल्या, तरी प्रत्येक डिस्क एकटीने चालू झाली पाहिजे.

हे मी नुकसान सोसून शिकलो. विंडोज ७ बसवताना एक्सपीची डिस्क मी जोडलेलीच ठेवली होती. विंडोज नव्या डिस्कवर बसले, परंतु बूटच्या (प्रणाली सुरू करणाऱ्या) फाइली जुन्या डिस्कवर गेल्या, कारण बायोसच्या, म्हणजे संगणक चालू होताच प्रथम चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रामच्या, डिस्क-क्रमात ती पहिली होती. पुढे मे महिन्यात जुनी डिस्क बंद पडली आणि पूर्ण निरोगी असलेली नवी डिस्कही सुरू होईना. म्हणून कोणतीही प्रणाली बसवताना संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, जिच्यावर काम करायचे ती एकच डिस्क जोडलेली ठेवावी. बाकीच्यांची साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) काढावी. हीच चूक आधी झाली असेल, तर जिच्यावर विंडोज आहे ती डिस्क एकटी जोडून विंडोजच्या डीव्हीडीने संगणक सुरू करावा, दुरुस्तीच्या कमांड खिडकीत डिस्कपार्ट या कमांडने विंडोजचे पार्टिशन (डिस्कचा विभाग) ‘अ‍ॅक्टिव्ह’ करावे आणि मग बीसीडीबूट व बूटरेक या कमांडनी बूटच्या फाइली तिच्यावरच तयार कराव्यात. अर्थात, याआधी आवश्यक फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतलेली असावी.

डिस्क ओळखण्यात चूक झाली तर फॉरमॅटच्या वेळी भलतीच डिस्क पुसली जाते. प्रत्येक विंडोज स्वतःच्या पार्टिशनला ‘सी’ म्हणते आणि लिनक्समधील एसडीए, एसडीबी ही नावे केबल बदलल्यावर बदलू शकतात, त्यामुळे या अक्षरांवर विसंबू नये. मी प्रत्येक डिस्कच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर प्रणालीचे नाव आणि अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहितो, व्हॉल्यूमलाही (संगणकात दिसणाऱ्या ड्राइव्हलाही) ‘नक्षी’, ‘हिशेब’ अशी नावे देतो. कोणते पार्टिशन कुठे जोडायचे हे लिहिलेल्या लिनक्सच्या एफएसटॅब फाइलीत यूयूआयडी, म्हणजे केबल बदलली तरी न बदलणारा पार्टिशनचा ओळख-क्रमांक, वापरावा. साटाच्या आधीच्या, रुंद पट्टी-केबलच्या आयडीई डिस्क असतील, तर एका केबलवरील दोन डिस्कपैकी एकीचा जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी) ‘मास्टर’वर आणि दुसरीचा ‘स्लेव्ह’वर असल्याची खात्री करावी, दोन्ही ‘मास्टर’ राहिल्या तर बायोसला डिस्क नीट दिसत नाहीत.

सर्व केबल पुन्हा जोडल्यावर रोजच्या वापराची डिस्क बायोसच्या क्रमात पहिली ठेवावी आणि दुसरी हवी असेल तेव्हा संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबावी. मदरबोर्डनुसार ती एफ८, एफ११, एफ१२ किंवा एस्केप असते. ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या डिस्कवरील बूट प्रोग्रामच्या, यादीतून सर्व प्रणाली निवडता येतात हे खरे, पण मग लिनक्सची डिस्क बिघडली की सगळेच अडते. म्हणून मला बूट मेनूच अधिक भरवशाचा वाटतो.

वीज वारंवार जाते तेथे बायोसची सेटिंग टिकवणाऱ्या मदरबोर्डवरील सेलकडे विशेष लक्ष द्यावे. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल उतरला, की वीज जाऊन येताच तारीख मागे जाते, डिस्कचा क्रम विस्कटतो आणि साटाची पद्धत (डिस्कशी संपर्क साधण्याची बायोसमधील सेटिंग) आयडीईवरून एएचसीआयवर, किंवा उलट, जाऊ शकते. तसे झाले की विंडोज निळ्या पडद्यावर ७बी हा कोड दाखवून थांबते आणि अनेकजण विंडोज बिघडले असे समजून चांगली डिस्क फॉरमॅट करतात. प्रथम सेल बदलावा, मग साटाची पद्धत पूर्वीसारखी करावी. यासाठी बायोसच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो फार उपयोगी पडतात.

लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसले, तर तो सेलचा दोष नव्हे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवण्यास सांगितले की प्रश्न मिटतो. विंडोज हायबरनेट करून (चालू काम डिस्कवर साठवून बंद करून) दुसऱ्या प्रणालीत जाऊ नये, त्याने सामाईक पार्टिशनवरील फाइली खराब होऊ शकतात. एक्सपीला विंडोज ७ ची डिस्क दिसली, तर ते तिच्यावरील रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्यासाठीच्या नोंदी) पुसून टाकते, म्हणून त्यांवर भिस्त ठेवू नये.

नवी डिस्क घेताना २ टीबीपेक्षा मोठी घेऊ नये, कारण डिस्कची विभागणी नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत त्यापुढची जागा वापरता येत नाही आणि नव्या जीपीटी पद्धतीची डिस्क ३२ बिट एक्सपी वाचत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात दोन डिस्कमध्ये एक खण मोकळा सोडावा, समोर पंखा लावावा आणि पंख्याच्या जाळीवर साचणारे कापसाचे तूस दर आठवड्याला मऊ ब्रशने काढावे.