टेम्पो येण्यापासून टेम्पो भरेपर्यंत : ठाणे-वाशीत पडद्यामागचे काम कसे शिकावे

एकांकिका स्पर्धांतून नाटकाची गोडी लागलेली, पण रंगमंचावर उभे राहण्यापेक्षा त्यामागचे काम करावेसे वाटणारी तरुण मंडळी ठाण्यात आणि नवी मुंबईत पुष्कळ आहेत. महाविद्यालयाचा गट सुटला की त्यांना पुढची वाट दिसत नाही, कारण नेपथ्य लावणे, प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू सांभाळणे, अंधारात दृश्य बदलणे ही कामे आपल्याकडे अजूनही प्रामुख्याने कोणाच्या तरी हाताखाली राहूनच शिकली जातात. त्यांना माझा सल्ला असा की, दहा नाटकांमागे धावण्याऐवजी सध्या सुरू असलेले एकच व्यावसायिक नाटक निवडावे आणि त्याचे प्रयोग निरनिराळ्या नाट्यगृहांत, आधी प्रेक्षागृहातून आणि मग विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, लक्षपूर्वक पाहावेत. आपले व्यावसायिक नाटक एका जागी मुक्काम करत नाही. आज ठाण्याचे गडकरी रंगायतन, उद्या वाशीचे भावे नाट्यगृह, पुढच्या आठवड्यात कल्याणचे अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर असा त्याचा फिरता संसार असतो, आणि प्रत्येक ठिकाणी तेच घर नव्याने उभारून त्याच दिवशी मोडावे लागते. ही उभारणी आणि मोडणी ज्याच्या हाती बसली, त्याला पडद्यामागचे निम्मे काम आले.

नाटक निवडण्यासाठी शनिवार-रविवारच्या मराठी दैनिकांतील नाटकांच्या जाहिराती नीट वाचाव्यात. ‘शनि. रात्रौ ८.३० गडकरी, रवि. स. ११ भावे वाशी, रवि. दु. ४.३० घाणेकर’ अशी ओळ प्रेक्षकाला केवळ वेळापत्रक वाटते, पण काम करणाऱ्याला तिच्यात संपूर्ण दौरा दिसतो. रविवारी सकाळचा प्रयोग दीड-दोनच्या सुमारास संपणार, सेट उतरवून टेम्पो ठाणे-बेलापूर रस्त्याने ठाण्यात येणार आणि साडेचारच्या आत तो पुन्हा उभा राहणार, म्हणजे त्या दिवशी जादा हातांची गरज भासणार, हे ओळखता आले पाहिजे. तिकीटविक्रीच्या ॲपवर आगामी प्रयोग समजतात, परंतु नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीजवळचा फलक प्रत्यक्ष जाऊन पाहण्याला मी अधिक महत्त्व देतो. तेथे एकाच दिवशी सकाळ, दुपार आणि रात्र या सत्रांत कोणकोणती नाटके लागली आहेत हे एकत्र कळते, आणि तुमच्या नाटकाला मागच्या सत्रातील मंडळींनी रंगमंच कधी रिकामा करून दिला तर किती वेळ हाती उरेल, याचा अंदाज बांधता येतो.

विचारायचे कोणाला, हा पुढचा प्रश्न आहे. रंगभूषा चाललेल्या नटाला गाठून काम मागू नये. प्रयोगापूर्वीचा तो वेळ त्याचा असतो. जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘सूत्रधार’ (प्रयोगांची जुळवाजुळव पाहणारे) म्हणून ज्यांचे नाव छापलेले असते, ते किंवा प्रयोगाचे व्यवस्थापक यांना मध्यंतरात न गाठता प्रयोग संपल्यावर, सामान निघू लागल्यानंतर भेटावे. आपण हे नाटक पाहिले आहे, एक-दोन प्रयोगांना सामान उचलण्यापासून मदत करू इच्छितो, एवढेच सांगावे. नियमित काम मिळू लागले की नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, किती मिळणार हे संकोच न करता आधीच विचारून घ्यावे. हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे, आणि ‘शिकायला मिळते ना’ एवढ्यावर कोणी महिनोन्महिने राबावे हे मला मुळीच मान्य नाही.

आपल्या भागातील तीन नाट्यगृहे एकमेकांपासून वेगळी आहेत. गडकरी रंगायतन मासुंदा तलावाच्या काठी असून ठाणे स्थानकातून पायी जाता येते. मात्र तलावपाळीवरची सायंकाळची गर्दी लक्षात घेऊन टेम्पोला वेळेआधीच निघावे लागते. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह हिरानंदानी मेडोजच्या परिसरात असल्यामुळे तेथे रिक्षा किंवा बसचा वेळ धरून चालावे लागते. तेथे मोठ्या नाट्यगृहासोबत लहान नाट्यगृहही असल्याने आपला प्रयोग नेमका कोणत्या सभागृहात आहे हे आदल्या दिवशीच विचारावे. वाशीचे नाट्यगृह ज्यांच्या नावाचे आहे, त्या विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले हे सर्वांना माहीत असते, परंतु ते लाकडी बाहुल्याही घडवत असत, म्हणजे आपल्या रंगभूमीचा आरंभ करणारा माणूस हातांनी वस्तू घडवणारा कारागीरही होता, ही गोष्ट पडद्यामागे काम करणाऱ्याने अवश्य जवळ बाळगावी.

टेम्पो आला की पहिल्या दिवशी कशालाही आपणहून हात लावू नये. फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या भिंतींच्या सुट्या चौकटींच्या, मागील बाजूस क्रमांक किंवा खुणा असतात, आणि कोणता फ्लॅट कोणत्या फ्लॅटला जोडायचा याचा क्रम ठरलेला असतो. आधी लेव्हल (उंचवट्याचे चौथरे) आणि पायऱ्या, मग मागची भिंत, मग दारे-खिडक्या, शेवटी फर्निचर, असा साधारण प्रवास असतो. प्रकाशयोजनेची मंडळी त्याच वेळी दिवे लावत असल्याने शिडीखालून जाऊ नये. रंगमंचाची रुंदी आणि खोली सर्वत्र सारखी नसते. त्यामुळे एका ठिकाणी चपखल बसलेला सेट दुसरीकडे थोडा उघडावा किंवा आत सरकवावा लागतो. सेट उभा राहिल्यावर नवख्या माणसाला करता येण्याजोगे एक अत्यंत उपयुक्त काम आहे. पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर आळीपाळीने बसून पाहावे. तेथून विंगेत उभा असलेला माणूस, दाराआडची मोकळी भिंत किंवा झालरीवरचा, म्हणजे वरच्या आडव्या पडद्यामागचा, दिवा दिसत असेल, तर लगेच सांगावे, म्हणजे काळा पडदा थोडा ओढून घेता येतो. तिकिटाचे पूर्ण पैसे मोजून टोकाला बसलेल्या प्रेक्षकालाही मधल्या खुर्चीवरच्या प्रेक्षकाइतकेच शाबूत घर दिसले पाहिजे.

नवख्याला बहुधा सर्वप्रथम प्रॉपर्टी सोपवली जाते, आणि हे काम किरकोळ समजण्याची चूक करू नये. दोन्ही विंगांत एकेक टेबल मांडून त्यावर पांढरा कागद अंथरावा, प्रत्येक वस्तू कागदावर ठेवून तिच्याभोवती पेनाने आकार काढावा आणि आत वस्तूचे नाव, अंक व ती नेणाऱ्या पात्राचे नाव लिहावे. चष्म्याचा आकार रिकामा दिसला की चष्मा रंगमंचावर गेला किंवा हरवला, हे मंद उजेडातही क्षणात कळते. विंगेची उजवी-डावी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाच्या हिशेबाने मोजतात; प्रेक्षागृहातून नाटक पाहून आलेल्याचा येथे हमखास घोळ होतो, म्हणून टेबलाजवळ मोठ्या अक्षरांत बाजू लिहून ठेवावी. प्रयोगात फाडल्या जाणाऱ्या पत्राच्या प्रती दौऱ्यातील प्रयोगांपेक्षा दोन जास्त असाव्यात, आणि त्यावर खरा मजकूर हाताने लिहिलेला असावा, कारण नटाला समोर कोरा कागद दिसला तर त्याच्या नजरेत फरक पडतो. खाण्याचे पदार्थ मऊ आणि चटकन गिळता येणारे निवडावेत. कोरडा चिवडा संवादाच्या मध्येच घशात अडकतो. काचेची वस्तू फुटणार असेल तर तुकडे उचलणार कोण आणि कोणत्या काळोखात, हे तालमीतच ठरलेले असले पाहिजे. प्रवेशानंतर नटाच्या हातातून परत येणारी वस्तू आपण स्वतः घ्यावी, कारण घाईत कपडे बदलायला धावणारा नट ती जिथे दिसेल तिथे ठेवतो.

काळोखातील दृश्यबदल हा खरा कसोटीचा भाग आहे. काळे किंवा गडद कपडे आणि रबरी तळव्याची पादत्राणे वापरावीत. किल्ल्यांचा जुडगा, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. मोबाइल केवळ आवाज बंद करून चालत नाही, तो पूर्ण बंद करावा, कारण उजळलेला पडदा विंगेतूनही प्रेक्षकांना दिसतो. दिवे जाण्यापूर्वी काही क्षण डोळे घट्ट मिटून उभे राहावे, म्हणजे उघडल्यावर अंधार तितका दाट वाटत नाही आणि जमिनीवर चिकटवलेल्या रेडियमच्या खुणा स्पष्ट दिसतात. आपण कोणती वस्तू उचलणार, कोणत्या वाटेने नेणार आणि समोरून कोण येणार, हे सेट लागल्यावर उजेडात दोनदा चालून पाहावे. दोघांनी उचलायचे टेबल एकट्याने ओढू नये. त्या आवाजाने पुढच्या प्रवेशाचे पहिले वाक्य वाया जाते.

प्रयोगापूर्वी नटराजाची पूजा होते, नारळ वाढवला जातो, आणि त्या वेळी सर्वांनी, नवख्यानेसुद्धा, पादत्राणे काढून उपस्थित राहावे. तिसऱ्या घंटेनंतर विंगेत आवश्यक तेवढीच माणसे असावीत. मध्यंतरात प्रेक्षक बटाटेवड्यासाठी बाहेर पडतात तेव्हा आपण मात्र दुसऱ्या अंकाचे टेबल लावून, ते पूर्ण तपासून मगच चहा घ्यावा.

पडदा पडल्यानंतर नट प्रेक्षकांना भेटत असतात, आणि तेवढ्यात प्रॉपर्टीची यादी हातात घेऊन एकेक वस्तू पेटीत भरावी. सेट उतरू लागल्यावर लहान वस्तू हमखास फ्लॅटखाली जातात. टेम्पो भरताना पुढच्या ठिकाणी जे आधी लागणार ते शेवटी चढवतात, म्हणून मनाने काहीही आत टाकू नये. रात्रीचा प्रयोग असेल तर हे सगळे आटोपेपर्यंत मध्यरात्र उलटते. वाशीहून ठाण्याकडे किंवा ठाण्याहून पनवेलच्या बाजूला जाणारी शेवटची लोकल निघून गेलेली असू शकते, म्हणून घरी कसे जाणार हे काम स्वीकारतानाच व्यवस्थापकांशी बोलून ठरवावे. संस्थेच्या बसने किंवा टेम्पोने वाटेत सोडण्याची सोय बहुधा होते. निघण्यापूर्वी फुटलेली, फाटलेली, संपलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहून ती पुढच्या प्रयोगापूर्वी कोण आणणार, त्याचे नाव त्यापुढे टाकून घ्यावे.