वॉर्ड हाती आल्यावर: नव्या ख्रिस्ती इनचार्ज सिस्टरसाठी

नव्याने इनचार्ज झालेल्या चांगल्या ख्रिस्ती सिस्टरांच्या हातून एक चूक हमखास होते. प्रेमाने वागायचं म्हणून त्या स्पष्ट बोलायचं टाळतात. "जरा सगळ्या मिळून बघा गं" म्हणून राउंडला जातात आणि चार वाजता कळतं की सहा नंबरची शुगर कुणीच तपासलेली नाही. मग ज्या दोघी समोर दिसतात त्यांना बोलणी बसतात. यात प्रेम कुठेच नाही. यरुशलेमच्या मंडळीत काही विधवांना रोजच्या वाटपात वगळलं जातंय अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात माणसं निवडायला लावली. त्या सातांची नावंही प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये नोंदलेली आहेत. वॉर्डमध्येही काम नावावर द्या: "शीतल, पाच नंबरचं बीपी दर 15 मिनिटांनी. वरचं 90 च्या खाली गेलं की आधी डॉक्टरांना फोन, मग मला." आणि तिच्याकडून ते परत म्हणवून घ्या. नव्या मुलीला याचा राग येत नाही, उलट धीर येतो.

ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंट ताब्यात घेणं, टेबलाशी बसून करू नका, बेडशी उभं राहून करा. सलाईन, कॅथेटर, ड्रेसिंग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सकाळची ड्युटी सुटत नाही, हा नियम स्वतःलाही लावा.

खरी परीक्षा रोस्टरची. पुढच्या महिन्याचं रोस्टर 25 तारखेपर्यंत भिंतीवर लागलं पाहिजे, कारण घरी लहान मूल असलेल्या बाईला नाइटची सोय आधी लावावी लागते. एक वही ठेवा, तीन रकाने पुरतात: नाइट, रविवार, सण. प्रत्येकीच्या नावापुढे खुणा करत जा आणि वही सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. उपासनेला जायचं म्हणून इनचार्ज दर रविवारी ऑफ घेऊ लागली, तर तिच्या विश्वासाबद्दल वॉर्ड काय म्हणेल ते सांगायला नको. महिन्यातले दोन रविवार स्वतः करा. चर्चमध्ये संध्याकाळची उपासना असेल तर त्या दिवशी ती गाठा. नाताळला ख्रिस्ती स्टाफला सुटी हवी असेल, तर गौरी, दिवाळी आणि ईदची ड्युटी आपण उचलायची, आणि हे ऑगस्टमध्येच ठरवायचं. रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलीची जेवणाची सुटी इफ्तारला द्या. याने वॉर्डचं काहीच बिघडत नाही.

चूक झाली की दयेचा अर्थ नीट लावावा लागतो. इन्सुलिनचंच घ्या. एका मिलीत 100 युनिट असलेली व्हायल आणि एका मिलीला 40 युनिटच्या खुणांची सिरिंज अशी गल्लत झाली, तर 10 च्या खुणेपर्यंत भरलेल्या सिरिंजमधून 25 युनिट जातात. अशा वेळी आधी पेशंटची शुगर, लगेच डॉक्टरांना फोन, मग घटनेची लेखी नोंद. "तुझ्या भावाने अपराध केला तर एकांतात जा" हे मत्तय 18 मधलं वचन दाखवून नोंद टाळणाऱ्या सिस्टर आहेत, आणि ते साफ चुकीचं आहे. एकांत त्या मुलीच्या अब्रूसाठी आहे. पेशंटपासून लपवण्यासाठी तो कधीच नाही. समज मात्र स्टोअररूमचं दार लावून द्या, वॉर्डातल्या मदतनीस मावशी-मामांसमोर नको, आणि विचारा: काय घडलं, त्या वेळी किती पेशंट होते, सिरिंज कुठून घेतली? बहुतेकदा दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये सापडतात. ट्रे वेगळे करा, लाल झाकणाच्या 40 च्या सिरिंजवर मोठं लेबल लावा, इन्सुलिन दोघींनी तपासल्याशिवाय द्यायचं नाही असं ठरवा. एवढं न करता नुसती क्षमा केली, तर पुढच्या नाइटला तीच चूक दुसरीच्या हातून होते.

पेशंट दगावला की त्या स्टाफला लगेच उपदेश करू नका आणि वचनंही ऐकवू नका. 1 राजे 19 मध्ये एलीया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने आधी त्याला भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. तिचे पेशंट 15 मिनिटं दुसरीकडे द्या, चहा पाजा. बोलणं ड्युटी संपल्यावर.

मिशन रुग्णालयात सकाळची प्रार्थना असते. जी येत नाही तिची नोंद मनातसुद्धा ठेवू नका. कुणाच्या नवऱ्याचं दारूचं प्रकरण कानावर आलं, तर तिला विचारल्याशिवाय ते 'प्रार्थनेचा विषय' म्हणून मांडू नका. गटात ती चुगलीच होते. आणि जिला समज द्यायची आहे तिच्यासोबत त्याच बैठकीत प्रार्थना नको. ती नाही म्हणू शकत नाही.

मावशी-मामा ठेकेदाराकडचे असतील तर त्यांचा पगार आपल्या हातात नसतो, पण हजेरी असते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असं लेवीय 19 सांगतं. हजेरीपत्रक महिन्याच्या शेवटच्या दिवशीच सही करून ऑफिसात द्या आणि पोच घ्या. ते तीन दिवस टेबलावर पडून राहिलं, तर मावशींच्या घरचं भाडंही थांबतं.