जुन्या छायाचित्रांसाठी पेटी निवडताना

जुनी छापील छायाचित्रे ठेवण्यासाठी पेटी घेताना तिच्या मजबुतीपेक्षा ती कशाची बनली आहे, हे आधी पाहावे. साध्या पुठ्ठ्यात आणि लाकडात आम्ल व लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे नैसर्गिक द्रव्य) असते. त्यातून सुटणाऱ्या वाफांमुळे कागद पिवळा पडतो आणि कृष्णधवल चित्रातील चांदी काळवंडते किंवा फिकी होते. म्हणून आम्लविरहित, लिग्निनविरहित पुठ्ठ्याची पेटी सर्वांत चांगली, आणि ती आयएसओ १८९१६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केलेल्या, साठवणीचे साहित्य छायाचित्रांना अपाय करते का हे तपासणाऱ्या चाचणीत उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख असेल तर अधिकच उत्तम.

प्लॅस्टिक सरसकट वाईट नसते. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन आणि लेप नसलेले पॉलिएस्टर सुरक्षित आहे. पीव्हीसी मात्र कटाक्षाने टाळावे, कारण कालांतराने त्यातून आम्ल आणि ते मऊ ठेवणारी द्रव्ये बाहेर पडतात. पाकीट उघडताच नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला, तर ते परत करावे. हवाबंद डबा मोहात पाडतो खरा, पण दमट हवेत बंद केल्यास आतला ओलावा तिथेच कोंडतो, चित्राच्या पृष्ठावरील जिलेटिन मऊ होते आणि चित्रे एकमेकांना चिकटतात. अशी चिकटलेली चित्रे ओढून सोडवू नयेत, वरचा थर सोलून निघतो.

पत्र्याची पेटी चालते, फक्त रंग भट्टीत पक्का केलेला असावा आणि गंज नसावा. पेटी कोणतीही असो, आत रबरबँड किंवा टाचण्या नकोत.