फोकस्ड अल्ट्रासाउंड शिकताना: गाठ नंतर बघा, आधी वाट बघा

फोकस्ड अल्ट्रासाउंड म्हणजे चीर न देता, बाहेरून ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून शरीरातली गाठ सहसा तापवून जाळणं. अशा युनिटमध्ये नवा आलेला माणूस, रेसिडेंट असो, टेक्निशियन असो की फिजिसिस्ट, पहिले काही दिवस स्क्रीनवरच्या गाठीकडेच बघत बसतो. गाठ कुठं पळून जात नाही. उपचार बिघडतो तो वाटेत, म्हणजे ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारं यंत्र) आणि गाठ यांच्या मधल्या काही सेंटिमीटरमध्ये.

थोडा हिशेब पाठ करून ठेवा. मऊ ऊतींमध्ये दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल ऊर्जा घटते. म्हणजे १ मेगाहर्ट्झवर १० सेंटिमीटर आत गेल्यावर जेमतेम एक तृतीयांश उरते, आणि ३ मेगाहर्ट्झवर शंभरातले तीनच भाग. म्हणून पोटातल्या खोल गाठींसाठी १ मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता वापरतात. प्रोस्टेटवर गुदमार्गातून, अगदी जवळून उपचार होतो, तिथं ३ ते ४ मेगाहर्ट्झ परवडतात. फोकस तांदळाच्या दाण्यासारखा असतो: रुंदीला १ ते ३ मिलिमीटर, लांबीला त्याच्या कितीतरी पट, आणि ही लांबी किरणाच्याच दिशेनं. त्यामुळे बाजूला जेवढं अंतर पुरतं तेवढं पुढं-मागं पुरत नाही. नवख्यांच्या आखणीत ही चूक हमखास सापडते.

उष्णतेचा डोस ४३ अंशांवरच्या मिनिटांत मोजतात. तिथं ऊती मरायला २४० मिनिटं लागतात, आणि पुढच्या प्रत्येक अंशाला वेळ निम्मा होतो. ५६ अंशांवर दोन सेकंदही लागत नाहीत. मग ‘अजून थोडी पॉवर वाढवू’ हा मोह कशाला? उकळीच्या जवळ गेलात की बुडबुडे तयार होतात, ते ऊर्जा मागं फेकतात आणि जखम ट्रान्सड्यूसरच्या दिशेनं बेडकाच्या पिल्लासारखी फुगत येते. आखणी एकीकडे, भाजलेली जागा दुसरीकडे.

आता वाट. पहिला शत्रू हवा. हवेच्या सीमेवर जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते आणि कातडीलाच बसते. म्हणून पाणी डीगॅस केलेलं, म्हणजे विरघळलेला वायू काढून टाकलेलं हवं, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली. पोटावरचे केस पूर्ण काढा, कारण केसाच्या मुळाशी बुडबुडा चिकटून राहतो. तेल, लोशन पुसून घ्या. रुग्ण ज्यावर झोपतो त्या जेल पॅडवर डीगॅस पाणी ओता आणि रुग्णाला एका कुशीवरून हळूहळू पालथं करा, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूनं निघून जाते. एकदम झोपवलंत तर ती मधेच अडकते. एमआरआयच्या पहिल्या प्रतिमेत पॅड आणि कातडीच्या मधे काळे ठिपके दिसले तर रुग्णाला उठवून पुन्हा झोपवा. वीस मिनिटं जातील, जाऊ द्या.

जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण ऊर्जा जास्त शोषतो. शिवाय तिथली संवेदना कमी असेल तर रुग्ण ‘चटका बसतोय’ हेही सांगणार नाही. व्रण किरणाच्या मार्गात येत असेल तर कोन बदला किंवा ट्रान्सड्यूसरचे तेवढे एलिमेंट (ध्वनी सोडणारे छोटे भाग) बंद ठेवा.

गर्भाशयाच्या फायब्रॉइडमध्ये (कर्करोग नसलेल्या गाठीत) खरी डोकेदुखी आतड्यांची. गाठीच्या पुढ्यात आतड्याचं वेटोळं आलं की त्यातल्या वायूवर किरण आदळतो आणि आतड्याची भिंत तापते. यावरचा क्रम लक्षात ठेवा: फोली कॅथेटरमधून (लघवीच्या नळीतून) मूत्राशय सलाइननं भरायचं, म्हणजे आतडी वर ढकलली जातात. मग गुदाशयात जेल भरायचं, गर्भाशय पुढं येतं. मग मूत्राशय रिकामं करायचं, गर्भाशय पोटाच्या भिंतीला टेकतं आणि आतड्यांना खाली यायला जागा राहत नाही. कॅथेटर शेवटपर्यंत उघडा ठेवा. उपचार काही तास चालतो. कॅथेटर दुमडला तर मूत्राशय भरत राहतं आणि आखलेली गाठ मिलिमीटर-मिलिमीटरनं सरकते. म्हणून मधूनमधून नव्या प्रतिमा घेऊन आखणीशी ताडून बघा.

गाठीच्या मागं सेक्रम (कमरेखालचं त्रिकोणी हाड) आणि मज्जातंतू असतात. फोकसपलीकडे गेलेली ऊर्जा हाडात शोषली जाते. रुग्ण जागा असतो, हातात स्टॉप बटण असतं. प्रत्येक सोनिकेशननंतर (ध्वनीच्या एका माऱ्यानंतर) ‘दुखतंय का?’ एवढंच विचारू नका. ‘पायात कळ गेली का, मुंग्या आल्या का?’ असं विचारा.

पहिलं सोनिकेशन कमी पॉवरचं, फक्त जागा तपासायला. उष्ण ठिपका दोन प्रतलांत बघा, काही मिलिमीटरचा फरक निघाला तर दुरुस्त करा, मगच पॉवर चढवा. एमआर थर्मोमेट्री, म्हणजे एमआरआयनं तापमानाचा नकाशा काढणं, पाण्यातल्या प्रोटॉनच्या वारंवारतेवर चालते. अंशाला ०.०१ पीपीएम (दशलक्षांश), म्हणजे १.५ टेस्लावर साधारण ०.६४ हर्ट्झ इतकाच बदल. रुग्ण हलला की नकाशा गेला. आणि याहून महत्त्वाचं: चरबीत ही पद्धत चालत नाही. जिथं भाजण्याचा धोका सर्वांत जास्त, तोच कातडीखालचा थर नकाशावर आंधळा असतो. तिथं तुमच्या हाती फक्त दोन सोनिकेशनमधली थंड होण्याची वेळ. उशीर होतोय म्हणून ती कापू नका.

रुग्णनिवडीत एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या प्रतिमेवर काळी दिसणारी गाठ चांगली तापते. पांढरी, रक्तपुरवठा भरपूर असलेली गाठ उष्णता वाहून नेते आणि निराश करते. उपचाराच्या दिवशी गॅडोलिनियम (रक्त पोचतं तो भाग एमआरआयवर उजळवणारं औषध) सगळी सोनिकेशन संपल्यावरच द्यायचं. जो भाग उजळत नाही, तेवढं तुमचं काम झालं.

हाडातल्या मेटास्टॅसिसचं, म्हणजे दुसरीकडून हाडात पसरलेल्या कर्करोगाचं, गणित उलटं. हाडच ऊर्जा खातं, म्हणून कमी ऊर्जेत हाडाच्या आवरणातले मज्जातंतू जळतात आणि वेदना उतरते. मात्र उपचार चालू असताना फार दुखतं, भुलीची तयारी पूर्ण ठेवा.

मेंदूत वाट म्हणजे कवटी. १९५० च्या दशकात अमेरिकेतले संशोधक फ्राय बंधू कवटीचा तुकडा काढून मगच अल्ट्रासाउंड सोडत. आता १०२४ एलिमेंटचं शिरस्त्राण सीटीवरून प्रत्येक एलिमेंटचा फेज (लहरींचा ताल) दुरुस्त करतं. कवटीच्या घनतेचं गुणोत्तर (आतल्या सच्छिद्र हाडाची घनता भागिले बाहेरच्या कठीण हाडाची) ०.४ च्या खाली असेल तर फोकस तापवणं अवघड जातं. हात थरथरण्याच्या आजारासाठी मेंदूच्या आतल्या थॅलॅमसमधलं व्हिम नावाचं केंद्र धरतात: आधी ४० ते ४५ अंशांवर जागा तपासायची, मग ५० च्या आसपास परिणाम बघायचा, शेवटी ५५ ते ६० वर जाळायचं. मधे रुग्णाकडून चक्राकार रेघ काढून घ्या. ओठ-बोटं बधिर झाली तर फोकस फार मागं आहे. जीभ जड झाली किंवा हात लुळा पडला तर फार बाहेर.

यकृतातल्या गाठींसाठी अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालेल्या हिस्टोट्रिप्सीत मात्र बुडबुडे मुद्दाम करतात. मायक्रोसेकंदांचे जोरदार स्पंद ऊती फोडतात, उष्णता जवळजवळ नसते. इथं थर्मोमेट्रीचा उपयोग नाही. सोनोग्राफीवर लुकलुकणारा पांढरा ढग वाचायला शिकावं लागतं.

उपचार संपल्यावर पॅडखालची कातडी स्वतः बघा, बोटांनी दाबून बघा. लाली काही तासांत जाते. चरबीतला भाजलेला भाग मात्र कधी कधी दुसऱ्या दिवशी कडक गाठ होऊन हाताला लागतो, तेव्हा रुग्ण घरी असतो. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या फोनची वेळ आणि कोण करणार त्याचं नाव, दोन्ही डिस्चार्जच्या कागदावरच लिहून टाका.