चूल 'लाइट' करा, 'बर्न' नको

मराठीत दिवा लावतात, चूल पेटवतात, विडी शिलगावतात. दिवा 'पेटवला' म्हटलं तर घरातली आजी टोकतेच. इंग्रजीचाही असाच हिशेब आहे. सगळीकडे 'बर्न' वापरलं की घोटाळा होतो. 'आय बर्न्ट द लॅम्प' म्हणजे दिवा लावला नव्हे, दिवा जाळून ठेवला!

क्रियापद निवडताना एवढंच बघा: पेटवलेल्या वस्तूचं पुढे काय होणार?

ती कामाला लागणार असेल तर 'लाइट'. समई, गॅस, चूल, उदबत्ती, सगळ्यांना चालतं. भूतकाळ 'लिट': 'शी लिट द लॅम्प'. विजेचा दिवा मात्र 'स्विच ऑन'. 'ओपन द लाइट' कधीच नाही.

'किंडल' समजायला पावसाळ्यातली न्हाणीची चूल बघावी. लाकडं दमट, काडी लावून भागत नाही. आधी चुडताची, म्हणजे नारळाच्या झावळीची, सुकी पाती, त्यावर बोटाएवढ्या काटक्या, मग फुंकणी. जाळ धरला की ओंडका सरकवायचा. असं जपून, हळूहळू आग धरवणं म्हणजे 'किंडल'. पाती म्हणजे 'टिंडर', काटक्या 'किंडलिंग', ओंडका 'फायरवुड'. नारळाचं सोडण (वरचं काथ्याचं आवरण) जाळ न करता नुसतं धुमसत राहिलं तर 'स्मोल्डर'. मात्र रोजच्या बोलण्यात 'किंडल' पुस्तकी वाटतं. होमस्टेच्या पाहुण्यांना सांगताना 'स्टार्ट अ फायर' पुरे.

'इग्नाइट' हा यंत्राचा आणि रसायनाचा शब्द. मच्छीमार बोटीच्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं: 'द फ्युएल इग्नाइट्स'. याचं मूळ लॅटिन 'इग्निस', म्हणजे आपल्या अग्नीचंच भावंड.

वणव्याबद्दल अर्ज लिहिताना शब्द जपून वापरा. 'समवन सेट फायर टू द ग्रास' म्हणजे कुणीतरी गवताला आग लावली. 'द कॅश्यू ट्रीज कॉट फायर' म्हणजे काजूच्या झाडांनी पेट घेतला. कुणी लावली, त्याबद्दल चकार शब्द नाही. एकाच्या जागी दुसरं पडलं तर आरोप तरी होतो, नाहीतर सुटतो. 'टू' गाळून 'सेट फायर द ग्रास' लिहिण्याची चूक नेहमीची. 'टू' नको असेल तर 'सेट द ग्रास ऑन फायर' लिहा.

भातरोपांसाठी राब भाजणं, म्हणजे रोपांच्या जागेवर पाला पसरून जाळणं, मात्र 'बर्न'च, कारण पाल्याची राख व्हायलाच हवी. तिथे 'सेट फायर टू' म्हटलं तर खोडसाळपणाचा वास येतो.

'फायर' हे क्रियापद चुलीला लावू नका. त्याने बंदूक झाडतात, नाहीतर नोकरीवरून काढतात.

पेट्रोलच्या टँकरवरचं 'हायली इन्फ्लेमेबल' वाचताना सुरुवातीचा 'इन' नकाराचा समजू नका. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दोन्हींचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारं. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात.