आधी माळवद, मग परस

मोहोळकडच्या आमच्या जुन्या घराला हात लावायचा म्हटलं की आधी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, तेही मृग लागायच्या आत. वरचं गवत कापू नका, मुळासकट उपटा. मूळ कुजलं की तिथूनच धार लागते. मग चाळलेली पांढरी माती चार बोटं पसरा आणि पन्हाळीकडे उतार देत चोपण्यानं चोपा. मी शहाणपणा करून वर सिमेंट ओतलं होतं. उन्हानं तडे गेले, खालच्या फळ्या कुजल्या, पैसे गेले ते गेलेच. दगडी भिंतींचे सांधेही चुन्यानंच भरा, ओल अडकत नाही.

परसात हौस आवरा. न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ, उन्हाच्या कडेला डाळिंब. जुनी बोर मामींनी तोडू दिली नाही, बरं झालं.